कार्ब्युरेटर साफ केला, आठ दिवसांनी पुन्हा तेच : जुनी गाडी आणि ई-२० पेट्रोल

पावसाळा लागला की माझी येझदी रोडकिंग एकच दुखणं काढायची. सकाळी दुसऱ्या किकला चालू, कोल्हापुरात रंकाळ्यापर्यंत झकास, आणि फुलेवाडी ओलांडून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो की धाप टाकायला सुरुवात. थ्रॉटल वाढवला की गुदमरायची, मग दोन-तीनदा आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मी घरी येऊन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) उघडायचो, त्यातले जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फुंकायचो, सगळं पुसून परत बसवायचो. आठवडाभर गाडी सोन्यासारखी चालायची आणि नंतर ये रे माझ्या मागल्या. दोन पावसाळे हेच चाललं. कार्ब्युरेटरच्या स्क्रूंच्या खाचा झिजून गेल्या, पण दुखणं तिथंच.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. मामांनी कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीखालच्या नळाची, नळी काढली, काचेच्या बरणीत अर्धा लिटर सोडलं आणि बरणी उन्हाकडे धरली. तळाला बोटभर जाडीचा वेगळा थर होता. बरणी हलवली की तो थर वरच्या पेट्रोलखाली जड तेलासारखा सावकाश डुलायचा. दोघांच्या मधली रेघ अगदी स्वच्छ दिसत होती.

"दादा, कार्ब्युरेटर बिचारा वरनं येतंय ते पितोय," मामा म्हणाले. "टाकीत काय हाय ते बघितलंय का कधी?"

बघितलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार दोन वर्षं चालला होता. जावा, येझदी, आरएक्स १००, राजदूत, जुनी बुलेट, चेतक असं काही ज्यांच्याकडे आहे आणि दर पावसाळ्यात ज्यांची अशीच ओढाताण होते, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी पेट्रोलबद्दल थोडं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर २० टक्क्यांचं ई-२० आलं आणि २०२५ पर्यंत तेच सगळीकडचं नेहमीचं पेट्रोल झालं. म्हैसूरला शेवटची येझदी बनली १९९६ मध्ये, आरएक्स १०० सुद्धा त्याच वर्षी थांबली. या गाड्यांची रबरं, वायसर, जेट ठरवताना इथेनॉलचा विचार कुणी केलेलाच नव्हता, करायचं कारणही नव्हतं.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही. आमच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, आणि डिस्टिलरी चालते तेव्हा उसाच्या बिलाला हातभार लागतो हे आम्ही अनुभवलेलं आहे. पण पेट्रोल बदललं आणि गाडी तीच राहिली, तर मधलं अंतर गाडीवाल्यालाच भरून काढावं लागतं. ते भरून काढता येतं, फार खर्चही येत नाही. फक्त कुठून सुरुवात करायची ते कळलं पाहिजे.

बरणीपासून सुरुवात करा

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढा. कॉक मेनवर न ठेवता रिझर्व्हवर ठेवून काढा, हे महत्त्वाचं. मेनची नळी टाकीत उंच उभी असते, रिझर्व्हचं तोंड तळाला असतं. तळाला साचलेलं पाणी रिझर्व्हलाच येणार. तुमची गाडी मेनवर नीट चालत असेल आणि रिझर्व्हला लावल्यावर पाच मिनिटांत बंद पडत असेल, तर निदान जवळजवळ तिथंच झालं असं समजा.

बरणी अर्धा तास स्थिर ठेवा. तळाला थर दिसला तर त्यात फाउंटन पेनच्या निळ्या शाईचा एक थेंब टाका. शाई पाण्यातली असते, पेट्रोलमध्ये विरघळत नाही. थेंब पेट्रोलमधून गोळी होऊन खाली जातो आणि तळाच्या थरात पसरतो. एवढं स्पष्ट चित्र दुसऱ्या कशानं मिळत नाही. हे काम उघड्यावर, चूल-सिगरेटपासून लांब करायचं.

तो थर म्हणजे नुसतं पाणी नव्हे. इथेनॉलला पाण्याची ओढ जबर. साध्या पेट्रोलमध्ये थेंबभर पाणी गेलं तर ते तळाला गप पडून राहतं. इथेनॉल असलं की पाणी पेट्रोलमध्ये विरघळतं, दिसतसुद्धा नाही. पण त्यालाही मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये १५ अंश तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी मावतं. म्हणजे १० लिटरला ५० मिली, चहाच्या छोट्या कपाएवढं. त्याच्या पुढे गेलं की पाणी एकटं बाहेर पडत नाही, इथेनॉललाही सोबत घेऊन तळाला बसतं. ई-२० मध्ये याहून जास्त पाणी मावतं, त्यामुळे थर वेगळा होण्याचा प्रकार लोक समजतात तितका रोजचा नाही. मात्र झालाच तर तळाला बसणारा माल भरपूर असतो, कारण १० लिटरमध्ये इथेनॉलच २ लिटर आहे. शिवाय पेट्रोल थंड झालं की पाणी धरायची ताकद कमी होते. दुपारी स्वच्छ दिसणारं पेट्रोल पहाटे दोन थरांत दिसू शकतं. म्हणून बरणी सकाळी भरा.

टू-स्ट्रोकवाल्यांनी इथं जास्त लक्ष द्यावं. येझदीसारख्या गाडीत आपण ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतो. थर वेगळे झाले की ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, खालच्या थरात ते जवळपास नसतंच. तो खालचा थर इंजिनात गेला तर गाडी नुसती बंद पडत नाही, पिस्टन कोरडा चालतो. "चांगलं ऑइल घातलं होतं, तरी इंजिन पकडलं," असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. अशा वेळी ऑइलच्या डब्याला दोष देण्याआधी टाकीचा तळ बघायला हवा. आरएक्सला ऑइल पंप वेगळा आहे, म्हणून हा धोका तिथं कमी आहे.

पाणी येतं कुठून? हवेतला ओलावा इथेनॉल ओढून घेतं हे खरं, पण बंद टाकीत तो वेग फार संथ असतो. माझ्या टाकीत बोटभर पाणी हवेतून आलेलं नव्हतं. ते आलं टाकीच्या झाकणातून. झाकणाखालचं बुचाचं वायसर कडक होऊन एका बाजूनं चिरलं होतं, आणि गाडी अंगणात पन्हळीखाली उभी असायची. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पाणी साचायचं आणि आत उतरायचं. नवं वायसर पन्नास रुपयांत मिळालं. पावसात गाडी बाहेर उभी राहत असेल तर टाकीवर साधी प्लास्टिकची पिशवी उलटी घालून ठेवा, तेवढंही पुरतं.

दुसरी शक्यता पंपावरची. जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी गेल्याचे प्रकार होतात. पंपावर पाणी शोधायची पेस्ट असते. मोजपट्टीच्या टोकाला ती लावून टाकीत बुडवली की पाण्याच्या उंचीपर्यंत रंग बदलतो. मोठ्या पावसानंतर शंका आली तर तपासणी दाखवा म्हणून सांगा, डेन्सिटी बघायला मागा, तो आपला हक्क आहे. आणि पंपावर टँकर रिकामा होत असताना पेट्रोल भरू नका, तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

रबरं

पाणी निघालं, टाकी कोरडी केली, तरी माझी गाडी पूर्ण बरी झाली नव्हती. आता ती वेगळंच करायला लागली. रात्री उभी केली की सकाळी इंजिनखाली पेट्रोलचा डाग, आणि ६० च्या पुढे गेलं की भूक लागल्यासारखी मंदावायची. गळतीही आणि उपासमारही, एकाच गाडीत.

कॉक उघडला तेव्हा उपासमारीचं कारण दिसलं. लिव्हरच्या मागे भोकं पाडलेलं गोल रबरी वायसर असतं. ते फुगलं होतं, आणि त्याची भोकं आकसून सुईच्या नेढ्यासारखी झाली होती. सावकाश चालताना तेवढं पेट्रोल पुरतं, वेग घेतला की कार्ब्युरेटरची वाटी (पेट्रोलचा खालचा छोटा साठा) रिकामी होते. लिव्हर फिरवायला जड लागतो हेच त्याचं आधीचं लक्षण होतं. मी ते महिनाभर हातानं अनुभवत होतो, पण दुर्लक्ष केलं.

कार्ब्युरेटरच्या वाटीची रबरी रिंग काढली तर ती परत खाचेत बसेना. बोटभर लांब झाली होती. ती तशीच खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रिंग आकसून बरोबर खाचेत बसली. जुनं रबर इथेनॉल पिऊन फुगतं आणि वाळलं की पुन्हा आकसतं. म्हणूनच दोन-तीन महिने कोरडी उभी असलेली गाडी पेट्रोल भरल्या भरल्या ठिकठिकाणी गळायला लागते. काल बंद, आज चालू, उद्या पुन्हा गळती, हा लपंडाव त्यातूनच होतो. फ्लोटच्या, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणाऱ्या तरंगत्या भागाच्या, नीडलचं रबरी टोक नखानं दाबून बघा. त्यावर गोल वळी पडली असेल किंवा ते चिकट लागत असेल तर नीडल बदला, घासून वापरू नका. वाटी भरून वाहते ती बहुतेक वेळा तिथूनच.

दुकानात मागताना "व्हायटॉनचं द्या" असं स्पष्ट सांगा, हे इथेनॉलला टिकणारं रबर आहे. वायसर, रिंग, नीडल, नळी, सगळं व्हायटॉनचं. नेहमीच्या रबर किटपेक्षा महाग पडतं, पण वर्षाला दोन किट बदलण्यापेक्षा स्वस्तच. पारदर्शक प्लास्टिकची नळी बऱ्याच गाड्यांना दिसते. ती काही महिन्यांत पिवळी आणि काडीसारखी कडक होते, क्लिपच्या जागी चिरते, आणि खाली गरम इंजिन असतं. ती आजच काढून टाका.

एक गोष्ट लाखेची. जुने मिस्त्री गास्केटला आणि बुचाच्या वायसरला लाखेचं पातळ रोगण लावायचे. पेट्रोलला ते छान टिकायचं. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणारा रोज स्पिरिटमध्ये तेच करतो. आता तो उपाय चालत नाही. रोगण सुटतं आणि विरघळलेली लाख जेटमध्ये जाऊन वाळते.

टाकीच्या आतलं अस्तरही असंच. गंज लपवायला आत इपॉक्सी ओतून घेतलेल्या टाक्या पुष्कळ आहेत. ते अस्तर इथेनॉलला टिकणारं नसेल तर मऊ पडून पापुद्रे सुटतात, आणि तो चिकट पापुद्रा कॉकच्या जाळीवर बसतो. अस्तर करून घेताना इथेनॉलला चालतं का हे लेखी असेल तरच घ्या. मी अस्तर केलं नाही. टाकी काढली, कॉकच्या जागी बूच मारलं, गरम पाण्यात सायट्रिक ॲसिड विरघळवून भरलं, आत मूठभर नट टाकले आणि दिवसभर अधूनमधून हलवत राहिलो. दुसऱ्या दिवशी ओतलं तेव्हा काळपट चहासारखं पाणी निघालं. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं दोनदा खळखळून घेतलं आणि लगेच हेअर ड्रायरनं कोरडं केलं. इथं अर्धा तास उशीर केला तरी नवा तांबूस गंज धरतो. शेवटी अर्धा कप टू-टी ऑइल आत सगळीकडे फिरवलं. आतला पत्रा बॅटरीच्या उजेडात करडा, स्वच्छ दिसत होता.

मग कार्ब्युरेटर

आता त्याची पाळी. जुन्या कार्ब्युरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. ओलसर इथेनॉल त्यात महिनोन्‌महिने पडून राहिलं की तळाला पांढरी भुकटी धरते, दाबली तर टाल्कम पावडरसारखी. ती पायलट जेटमध्ये, म्हणजे सावकाश चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये, अडकते. पायलटचं भोक केसाएवढं. त्यात पोलादी तार घालू नका, भोक मोठं झालं की ट्यूनिंग कायमचं बिघडतं. वायरीतली तांब्याची एक तार, क्लीनर आणि हवेचा दाब, एवढंच वापरा. भोकातून आकाशाचा गोल ठिपका दिसला पाहिजे.

एवढं सगळं केल्यावरही गाडी थ्रॉटल सोडताना फटफट करत असेल, गरम होत असेल आणि अर्धा चोक ओढल्यावर उलट चांगली पळत असेल, तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. इथेनॉलच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलच्या एका ग्रॅमला जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, इथेनॉलला ९, आणि ई-२० ला साधारण १३.५. इंजेक्शनच्या नव्या गाड्या हे काही प्रमाणात सांभाळून घेतात. कार्ब्युरेटरला डोकं नसतं, तो पूर्वीइतकंच पेट्रोल देत राहतो.

पण लगेच जेट बदलायला धावू नका. आधी मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) रबर चिरलंय का बघा, टू-स्ट्रोकला क्रँकचं ऑइल सील गेलंय का बघा. तिथून बाहेरची हवा ओढली गेली तरी लक्षणं हुबेहूब हीच. ते ठीक असेल तर थ्रॉटलच्या नीडलची (फ्लोटच्या नव्हे) क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे नीडल वर येईल, हवेचा स्क्रू पाव ते अर्धा फेरा आत घ्या, आणि गरज वाटली तरच मेन जेट एक नंबर वर. मग लांब चढावर पूर्ण थ्रॉटलमध्ये गाडी पळवून तिथंच इंजिन बंद करून प्लग काढा. माझा प्लग आधी खडूसारखा पांढरा निघायचा. एक जेट वर नेल्यावर कडक चहाच्या रंगाचा झाला, आणि गगनबावड्याच्या चढाला इंजिनाचा आवाजही भरीव झाला. तेवढ्यावर थांबा. जास्त मोठा जेट टाकून धूर काढण्यात काही अर्थ नाही.

ॲव्हरेज मात्र थोडं घटणार, ते मान्य करा. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते. ई-२० मुळे जास्त ऑक्टेन मिळतं हेही खरं, पण आपल्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनांना त्याचा उपयोग होत नाही.

आणि सगळं खापर इथेनॉलवर फोडू नका. जुन्या फोर-स्ट्रोक गाड्यांच्या व्हॉल्व्ह सीट झिजतात, तो प्रश्न शिसं काढून टाकल्याचा आहे. देशभर शिसंविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून आहे. प्लगला ठिणगी देणारी कमकुवत कॉइल गरम झाल्यावर तुटते, तेव्हाही गाडी असंच दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू होते. बरणी स्वच्छ निघाली तर तिकडे बघा.

"इथेनॉल नसलेलं" म्हणून कुणी महागडं पेट्रोल सुचवत असेल तर स्वतः तपासा. १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या, तोंड बंद करून हलवा, हळूच एकदा झाकण सैल करून दाब सोडा, आणि दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो २५ च्या पुढे जातो. याच युक्तीनं टाकीभर पेट्रोल "धुऊन" वापरणारे काही जण आहेत. ते करू नका. इथेनॉल निघाल्यावर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरतं, त्यात पाणी राहतं, आणि घरात एवढं पेट्रोल ओतत बसणं जीवावरचं काम आहे.

गाडी आठवड्यात एकदा तरी चालत असेल तर यातलं बरंच काही आपोआप टळतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं काढा. टू-स्ट्रोकला हे करताना थ्रॉटल वाढवू नका. महिनाभर असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, आत हवेला जागा कमी राहते. संपूर्ण पावसाळा असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून ऑइल फिरवा. अर्धी टाकी ठेवून चार महिने गाडी झाकून ठेवणं सगळ्यात वाईट.

मी आता जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला वाटीचा तो स्क्रू सोडून चमचाभर पेट्रोल एका छोट्या काचेच्या बाटलीत घेतो. गेल्या पावसाळ्यात एकदाच तळाला मसुराएवढा थेंब दिसला. त्याच संध्याकाळी झाकणाचं वायसर बदललं. बरणीतला खालचा थर गटारात किंवा झाडाच्या बुंध्यात ओतू नका. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात साठवा आणि जळकं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला, आत काय आहे ते सांगून द्या.